दीडशेतले सत्तावन्न

मल्टिप्लेक्सचं एक तिकीट दीडशे रुपयांचं धरू. शंभराच्या वरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो या दीडशेतच आहे. तो वजा केला की उरतात १२७ रुपये. पहिल्या आठवड्यात त्यातला निम्मा वाटा चित्रपटगृहाचा. निर्मात्याच्या बाजूला आले साधारण ६३ रुपये ५० पैसे. वितरक दहा टक्के कमिशनवर काम करत असेल, तर तेवढे कापून हातात पडतात सत्तावन्न. प्रोजेक्शनची फी आणि पोस्टर, ट्रेलर, वर्तमानपत्रातल्या जाहिराती यांचा खर्च अजून या सत्तावन्नातूनच निघायचा आहे.

आता समजा, ८० लाखांत एक मराठी चित्रपट तयार झाला आणि तो लावायला, म्हणजे प्रसिद्धीला आणि प्रोजेक्शनला, ४० लाख लागले. एक कोटी वीस लाख भागिले सत्तावन्न म्हणजे दोन लाख दहा हजार प्रेक्षक. शंभर पडदे, प्रत्येक ठिकाणी दिवसाला दोन खेळ आणि एक आठवडा, असे धरले तर १,४०० खेळ होतात. प्रत्येक खेळाला दीडशे माणसं बसली पाहिजेत. दोनशे खुर्च्यांच्या सभागृहात मंगळवारी दुपारी पावणेतीनच्या खेळालासुद्धा. आणि एवढं जमलं, तरी निर्माता फक्त बरोबरीत सुटतो. हे गणित चित्रीकरणाआधी कुणी कागदावर मांडत नाही. मांडलं असतं तर बरेच चित्रपट झालेच नसते, हेही खरं.

त्यातही हा निम्मा वाटा फक्त पहिल्या आठवड्याचा. २००९ मध्ये हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांच्यात वाद पेटला, दोन महिने नवे मोठे चित्रपटच लागले नाहीत, आणि शेवटी जो तोडगा निघाला त्यात निर्मात्याच्या बाजूचा हिस्सा असा ठरला : पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस आणि चौथ्यापासून ३०. उतरत्या भाजणीची ही रचना मोठ्या हिंदी चित्रपटांच्या सोयीची आहे, कारण त्यांच्या कमाईचा मोठा भाग पहिल्या तीन दिवसांत येतो. ओळखीचा नट नसलेल्या सिनेमाचं नेमकं उलटं असतं. शुक्रवारी दहा माणसं येतात, त्यातली चार जण रविवारी घरच्यांना सांगतात, आणि गाडी रुळावर येते तेव्हा दुसरा आठवडा संपत आलेला असतो. तोवर खेळ उतरवलेले असतात. टिकलेच, तर प्रत्येक तिकिटामागचा वाटा घटलेला असतो. छोट्या सिनेमाला पैसा कमी पडतो हे सगळेच सांगतात. माझ्या मते त्याला पैशाहून जास्त वेळ कमी पडतो, आणि गेल्या वीस वर्षांतली जवळजवळ प्रत्येक सुधारणा त्याचा वेळ आणखी खाते आहे.

फिल्मचा जमाना आठवून पाहा. शंभर मिनिटांचा चित्रपट म्हणजे ३५ मिलिमीटरची नऊ हजार फूट, जवळजवळ पावणेतीन किलोमीटर फिल्म. एकेका प्रिंटला पन्नास-साठ हजार रुपये पडायचे. छोट्या निर्मात्याला मोजक्याच प्रिंट परवडायच्या, त्यामुळे त्या फिरत राहायच्या : आधी मुंबई-पुणे, मग जिल्ह्याची गावं, मग तालुके, आणि शेवटी ओरखडे पडलेली तीच प्रिंट जत्रेतल्या तंबूत. हे नाइलाजानंच चाले, पण त्यातून सिनेमाला सहा-आठ महिन्यांचं आयुष्य मिळे आणि त्याची कीर्ती त्याच्या आधी पुढच्या गावात पोचे. २००५ नंतर यूएफओ आणि क्यूब यांच्यासारख्या कंपन्यांनी उपग्रहावरून किंवा हार्ड डिस्कवरून चित्रपट पाठवायला सुरुवात केली, आणि प्रिंटचा खर्च नाहीसा झाला. त्याच्या जागी व्हीपीएफ नावाची फी आली. ती दर पडद्यामागे किंवा दर खेळामागे निर्मात्याच्या बाजूनं भरायची. डिजिटल यंत्रांची गुंतवणूक भरून निघावी म्हणून ती सुरू झाली. यंत्रांचे पैसे केव्हाच वसूल झाले, मग ही फी कशासाठी, असं निर्माते विचारतात, आणि २०१८ मध्ये दक्षिणेतल्या निर्मात्यांनी याच मुद्द्यावर नवे चित्रपट लावणंच थांबवलं होतं. पण खरा बदल फीचा नाही. एका शुक्रवारी सगळीकडे एकदम लावणं शक्य झालं, म्हणून सगळेच तसं करू लागले, आणि फिरतीवरचा सिनेमा संपला.

हे डोक्यात ठेवून आता चित्रीकरणाच्या शेवटच्या दिवसाकडे येऊ. पॅकअप होतं, नारळ फुटतो, युनिटचे फोटो निघतात, आणि निर्मात्याच्या खात्यात बहुधा खडखडाट असतो. नवखा निर्माता सगळा पैसा कॅमेऱ्यासमोर खर्च करतो, कारण तिथे तो दिसतो. संकलन आणि ध्वनीपासून सेन्सॉरपर्यंतचा खर्च 'नंतर बघू' या खात्यात पडलेला असतो. मग चित्रपट वर्षभर हार्ड डिस्कवर राहतो, दोघातिघांकडून उसने पैसे आणून पुढे सरकतो, आणि त्या वर्षात विषय शिळा होतो.

संकलनाबद्दल एवढंच सांगतो की 'पिक्चर लॉक' हा शब्द जितका हलक्यानं उच्चारला जातो तितका तो हलका नाही. लॉक म्हणजे यानंतर एक फ्रेमही हलणार नाही. त्या ठरलेल्या लांबीवर ध्वनी, पार्श्वसंगीत, रंग, सबटायटल अशी चार-पाच माणसं एकाच वेळी काम करायला बसतात. तीन आठवड्यांनी दिग्दर्शकाला एक प्रसंग छोटा करावासा वाटला, की या सगळ्यांच्या पट्ट्या पुन्हा जुळवाव्या लागतात, आणि त्याचं बिल येतं. म्हणून लॉक करण्याआधी चित्रपट पंधरा-वीस अनोळखी माणसांना दाखवावा. मित्रांना नको. मित्र कौतुक करतात आणि अनोळखी माणूस कंटाळला की मोबाइल काढतो. मोबाइल कोणत्या मिनिटाला निघाला ते लिहून घ्यावं.

कमी पैशाचा सिनेमा चित्रावर सहसा पडत नाही, तो आवाजावर पडतो. थोडं अंधूक, थोडं हलतं चित्र प्रेक्षक शैली म्हणून चालवून घेतो, पण संवाद ऐकू आला नाही की दोन मिनिटांत त्याचं लक्ष उडतं. खेड्यातलं चित्रीकरण म्हणजे दुरून येणारा पंपाचा आवाज, देवळावरचा भोंगा, अवेळी आरवणारा कोंबडा आणि जनरेटर. पूर्वी याला एकच उत्तर होतं, डबिंग. स्टुडिओत नटांना बोलावून सगळे संवाद पुन्हा म्हणवून घ्यायचे. पण गेल्या पंधरा-वीस वर्षांतला चांगला मराठी सिनेमा बऱ्याचदा नट नसलेल्या माणसांवर उभा आहे. 'कोर्ट'मधली कितीतरी माणसं पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर होती, 'स्थळ'मध्ये तर चंद्रपूर जिल्ह्यातल्या गावातलेच लोक आहेत. अशा माणसाला काचेच्या खोलीत, हेडफोन लावून, सहा महिन्यांपूर्वी सहज बोललेलं वाक्य ओठांबरहुकूम पुन्हा म्हणायला सांगितलं की त्याच्यातला सगळा जिवंतपणा जातो. म्हणून इथे जागेवरचाच ध्वनी वापरावा लागतो, आणि त्याची तयारी चित्रीकरणातच करावी लागते : चांगला ध्वनिमुद्रक, प्रत्येक नटाच्या कपड्यात छोटा माइक, आणि प्रत्येक जागी सगळ्यांना गप्प उभं करून अर्धा-एक मिनिट त्या जागेची शांतता मुद्रित करणं. तिला रूम टोन म्हणतात. दोन संवादांमधली भेग बुजवायला पुढे हीच शांतता लागते. उन्हात उभं असलेलं युनिट या अर्ध्या मिनिटाला वैतागतं. त्याची किंमत संकलकाला कळते.

मग पावलांचे, भांड्यांचे, कपड्यांच्या सळसळीचे आवाज नव्यानं करून घ्यायचे, ते फोली. त्यानंतर मिक्सिंग. चित्रपटगृहातला ५.१ ध्वनी म्हणजे पडद्यामागे तीन वाहिन्या, प्रेक्षकांच्या बाजूंनी दोन, आणि अगदी खोल आवाजासाठी वेगळी एक. संवाद बहुतेक मधल्या वाहिनीवर असतात. मिक्सिंग थिएटरचं भाडं तासावर चालतं, म्हणून तिथे जाण्याआधी सगळं पूर्वमिश्रण छोट्या खोलीत उरकून घेतात. इथे एक व्यवहारी गोष्ट कुणी फारशी सांगत नाही. डॉल्बीच्या यंत्रावर आवाजाची प्रमाण पातळी ७ आहे आणि मिक्सिंग तिच्यावर होतं. आपल्याकडची अनेक थिएटरं मात्र पाचवर, साडेचारवर चालतात, कारण मोठ्या चित्रपटांचे ट्रेलर कानठळ्या बसवतात, प्रेक्षक तक्रार करतात, ऑपरेटर आवाज खाली करतो आणि तो तिथेच राहतो. त्यात तुमच्या नायिकेचं कुजबुजणं नाहीसं होतं. म्हणून अंतिम मिश्रण एकदा मुद्दाम आवाज कमी करून, आणि एकदा साध्या दोन स्पीकरांवर ऐकावं. बाजूचे स्पीकर बंद असलेली थिएटरं महाराष्ट्रात कमी नाहीत.

रंगाच्या बाबतीत मात्र काळ छोट्या माणसाच्या बाजूनं फिरला. दा व्हिंची नावाची रंगसंस्करणाची यंत्रणा एके काळी लाखो डॉलरची होती. २००९ मध्ये ब्लॅकमॅजिक डिझाइन या ऑस्ट्रेलियन कंपनीनं ती विकत घेतली, आणि २०११ मध्ये 'रिझॉल्व्ह'ची एक आवृत्ती चक्क फुकट देऊ केली. आज बीडमधला मुलगा आपल्या लॅपटॉपवर तेच साधन वापरतो. अडचण फक्त पडद्याची असते : लॅपटॉपवर सुंदर दिसलेली रात्र थिएटरात निव्वळ काळोख होते. शेवटची तपासणी मोठ्या पडद्यावर केल्याशिवाय सही करू नये.

तयार झालेल्या चित्रपटाची थिएटरसाठीची प्रत म्हणजे डीसीपी. हॉलिवूडच्या स्टुडिओंनी २००२ मध्ये एकत्र येऊन काम सुरू केलं आणि २००५ मध्ये तिचे नियम प्रसिद्ध केले. त्यात चित्रपट म्हणजे सुट्या चित्रांची मालिका असते. सेकंदाला २४ प्रमाणे शंभर मिनिटांत १ लाख ४४ हजार चित्रं, प्रत्येक स्वतंत्रपणे आवळलेलं. सेकंदाला जास्तीत जास्त २५० मेगाबिट ही मर्यादा गाठली, तर चित्राचाच भार १८७ जीबीपर्यंत जातो. हे बनवून देणाऱ्या लॅब आहेत, आणि 'डीसीपी-ओ-मॅटिक' हे मोफत सॉफ्टवेअरही आहे. हौशी माणूस त्यावर घरी प्रत काढू शकतो. फक्त चित्रीकरण २५ फ्रेमनं केलं असेल तर २४ वर आणताना लांबी चार टक्क्यांनी वाढते आणि आवाज जड होतो. तो दुरुस्त करून घ्यावा लागतो. प्रत कुलूपबंद असेल, तर तिची डिजिटल किल्ली ठराविक थिएटरच्या ठराविक यंत्रासाठी, ठराविक तारखांपुरती काढलेली असते. किल्लीतली वेळ चुकली, तर प्रेक्षक खुर्चीत आणि पडदा काळा.

आणि प्रत एक पुरत नाही. भारतातल्या प्रतीत मध्यंतर हवं. चित्रपटात कुणी बिडी ओढली असेल, तर सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर तीस-तीस सेकंदांच्या आरोग्यविषयक चित्रफिती, वीस सेकंदांचा इशारा, आणि धूर निघेल त्या प्रत्येक दृश्याखाली ओळ हवी. परदेशी महोत्सवाच्या प्रतीत यातलं काहीच नको, पण इंग्रजी सबटायटल हवीत.

बिडीवरून कागदपत्रांकडे येऊ, कारण तयार सिनेमा अडतो तो इथे. ग्रामीण चित्रपटात बैल नाही असं होत नाही. प्राण्याकडून काम करून घ्यायचं असेल, तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी चित्रीकरणाआधी आणि ना-हरकत दाखला नंतर, असा क्रम आहे. आधीची परवानगी नसेल तर नंतर निर्माता पळत सुटतो. चहाच्या टपरीवरच्या रेडिओवर जुनं हिंदी गाणं वाजत असेल, तर ते मागं कितीही हळू ऐकू येवो, ध्वनिमुद्रणाचे हक्क ज्या कंपनीचे तिची, आणि गीत-संगीताचे हक्क ज्यांचे त्यांची परवानगी लागते. भारतात साहित्यकृतीचे हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतात, त्यामुळे कथेवर आधारलेल्या चित्रपटाला लेखकाच्या वारसांशी लेखी करार लागतो. तोंडी आशीर्वाद चालत नाही. नटांचे, तंत्रज्ञांचे, जागामालकांचे करार एका फाइलीत नसतील, तर पुढे कोणतीही मोठी वाहिनी किंवा परदेशी वितरक तो चित्रपट हातात धरत नाही.

मग सेन्सॉर, अधिकृत नाव केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ. अर्ज ऑनलाइन होतो, पण चित्रपट पूर्ण हवा. अर्धं मिक्सिंग झालेली प्रत देता येत नाही, आणि प्रमाणपत्रानंतर केलेला प्रत्येक बदल पुन्हा मंडळाला कळवावा लागतो. २०२३ च्या दुरुस्तीनं यूए वर्गाचे सात, तेरा आणि सोळा वर्षांवरील असे तीन भाग झाले आणि दहा वर्षांनी संपणारं प्रमाणपत्र कायमचं झालं. अपील ऐकणारं स्वतंत्र न्यायाधिकरण २०२१ मध्येच बरखास्त झालं. आता मंडळाचा निर्णय पटला नाही, तर उच्च न्यायालय. ज्याच्याकडे प्रदर्शनाच्या जाहिरातीलाच पैसे नाहीत तो वकील कुठून लावणार? म्हणून तो सुचवलेले कट मुकाट्यानं मान्य करतो.

डिसेंबरात या मंडळाकडे घाई वाढते, त्याचं कारण पुरस्कार. राष्ट्रीय पुरस्कारासाठी चित्रपट त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत प्रमाणित झालेला असावा लागतो. थिएटरात लागलेला असण्याची सक्ती नसते. म्हणूनच ज्याला पुरस्कार मिळाला तो चित्रपट कुणीच पाहिलेला नाही, असा चमत्कार दर वर्षी घडतो. 'धग'ला २०१२ च्या पुरस्कारांत उत्कृष्ट दिग्दर्शनाचा मान मिळाला आणि तो लागला मार्च २०१४ मध्ये. 'कासव'ला सुवर्णकमळ जाहीर झालं एप्रिल २०१७ मध्ये, चित्रपट आला ऑक्टोबरात. राज्य सरकारच्या अनुदानाचाही आधार असतो. गेल्या दशकात 'अ' दर्जाच्या मराठी चित्रपटाला ४० लाख आणि 'ब' दर्जाला ३० लाख अशी त्याची रचना राहिली आहे. वरच्या गणितात हे ४० लाख घातले तर लागणारे प्रेक्षक दोन लाख दहा हजारांवरून एक लाख चाळीस हजारांवर येतात, म्हणजे योजना चांगलीच आहे. पण पैसे परीक्षण होऊन, चित्रपट संपल्यावर येतात. तोवर खासगी कर्जाचं व्याज चालू असतं.

महोत्सवांचा रस्ता वेगळा. त्याचा अलिखित नियम असा की पहिला खेळ एकदाच होतो. मोठे महोत्सव 'आमच्याकडेच पहिल्यांदा' असा हट्ट धरतात, त्यामुळे उत्साहात गावच्या महोत्सवात दाखवलेला चित्रपट व्हेनिस किंवा रॉटरडॅमच्या दारातून परत येऊ शकतो. चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट'ला पटकथेच्या टप्प्यावर रॉटरडॅमच्या ह्यूबर्ट बाल्स निधीची मदत होती. सप्टेंबर २०१४ मध्ये व्हेनिसला तो पहिल्यांदा दिसला, तिथे 'ओरिझोंती' विभागाचा सर्वोत्तम चित्रपट आणि पदार्पणाचा 'लायन ऑफ द फ्यूचर' असे दोन मान घेऊन आला, आणि १७ एप्रिल २०१५ ला इथे लागला. अविनाश अरुणच्या 'किल्ला'ला फेब्रुवारी २०१४ मध्ये बर्लिनच्या बालपरीक्षकांनी क्रिस्टल बेअर दिलं, तो लागला पुढच्या वर्षी जूनमध्ये. 'स्थळ' २०२३ च्या टोरांटो महोत्सवात नेटपॅक पुरस्कार घेऊन मार्च २०२५ मध्ये आला. रोहन कानवडेचा 'साबर बोंडं' जानेवारी २०२५ मध्ये सनडान्सला परदेशी कथाचित्रांतला सर्वोच्च पुरस्कार मिळवून त्याच वर्षी सप्टेंबरात. सात-आठ महिन्यांचं अंतर असलं तर बातमीची ऊब शिल्लक असते. दीड वर्ष गेलं की पोस्टरवर महोत्सवाच्या नावाभोवतीची पानांची महिरप तेवढी उरते, आणि तिचा अर्थ सोलापूरच्या प्रेक्षकाला नाही कळत. कधी कधी ती महिरप पाहून तो 'हा संथ असणार' म्हणून टाळतोसुद्धा.

परदेशी जायला पैसे नसणाऱ्यासाठी गोवा जवळ आहे. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळानं, म्हणजे एनएफडीसीनं, २००७ मध्ये तिथल्या भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या (इफ्फी) जोडीला फिल्म बाजार सुरू केला. तिथे अर्धवट संकलित चित्रपट देशी-परदेशी संकलकांना आणि महोत्सवांच्या निवडकर्त्यांना दाखवून त्यांची मतं घेता येतात. लॉक करण्याआधी ऐकलेलं असं एक परखड मत, पूर्ण झाल्यावरच्या दहा सत्कारांपेक्षा उपयोगी.

वितरक तीन प्रकारे चित्रपट घेतो. ठराविक रक्कम आधीच मोजून जोखीम स्वतःवर घेतो, ती एमजी, म्हणजे मिनिमम गॅरंटी. काही रक्कम उचल देतो आणि धंदा कमी झाला तर परत मागतो, तो अॅडव्हान्स. किंवा काहीच न देता, निर्मात्याच्याच पैशानं चित्रपट लावून देतो आणि कमिशन घेतो. छोट्या सिनेमाच्या वाट्याला जवळपास नेहमी तिसरा प्रकार येतो. गंमत म्हणजे हा धंदा अजून ब्रिटिशकालीन नकाशावर चालतो. मुंबई सर्किटमध्ये पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणाबरोबर गुजरात, गोवा आणि उत्तर कर्नाटकाचा भाग येतो. विदर्भ सीपी-बेरारमध्ये. मराठवाडा आजही 'निजाम'मध्येच. भाषावार प्रांतरचना झाली, संयुक्त महाराष्ट्र झाला, वितरकाच्या वहीत तो अजून झालेला नाही.

वितरक मिळाला तरी खेळ मिळतीलच असं नाही. हे दुखणं जुनं आहे. १९७१ मध्ये दादा कोंडक्यांच्या 'सोंगाड्या'ला दादरचं कोहिनूर मिळावं म्हणून शिवसेनेला मध्ये पडावं लागलं, कारण थिएटरवाल्याला देव आनंदचा 'तेरे मेरे सपने' लावायचा होता. एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारनं मल्टिप्लेक्समध्ये संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत मराठी चित्रपट लावण्याची सक्ती जाहीर केली. वादंग झाल्यावर 'प्राइम टाइम' दुपारी बारा ते रात्री नऊ इतका ऐसपैस झाला. बाराचा खेळही आता प्राइम टाइमच ठरला. माझं मत असं की पडद्यांच्या संख्येमागे लागणं हीच छोट्या निर्मात्याची चूक आहे. शंभर ठिकाणी दुपारचे खेळ घेण्यापेक्षा बारा ठिकाणी संध्याकाळी सातचा एकच खेळ, पण तीन आठवडे, असा करार झाला तर तो घ्यावा. थिएटर नाही म्हणेल. मग सहा ठिकाणी विचारावं.

थिएटरबाहेरचा प्रेक्षक आधीच ठाऊक असेल तर वाट निघते. 'मंथन' (१९७६) साठी गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले. दहा लाख जमले, आणि पाठोपाठ हेच निर्माते ट्रक भरभरून आपला सिनेमा पाहायला आले. केरळात जॉन अब्राहमच्या ओडेसा गटानं 'अम्मा अरियन' (१९८६) साठी लोकांकडून वर्गणी गोळा केली आणि तयार चित्रपट गावोगावी नेऊन दाखवला. मराठीत सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु'चं उदाहरण जवळचं. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धाची ही गोष्ट २०१३ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत गौरवली गेली, पण थिएटरात यायला २०१६ उजाडलं, आणि प्रदर्शनासाठी डॉ. मोहन आगाशे यांनी लोकवर्गणीची हाक दिली. मनोविकारतज्ज्ञ असलेल्या आगाशे यांनी 'अस्तु' आणि 'कासव' डॉक्टर, समुपदेशक, विद्यार्थी यांच्यासमोर दाखवून पुढे चर्चा घडवण्याचा मार्ग धरला. अशा खेळाला शुक्रवार नसतो, त्यामुळे तो संपतही नाही. फिल्म सोसायट्या, महाविद्यालयं, ज्येष्ठ नागरिक संघ, परदेशातली महाराष्ट्र मंडळं हे सगळे छोटे पडदे आहेत आणि त्यांच्याकडे तारखा रिकाम्या असतात. मात्र मानधन ठरवून घ्यावं. 'चांगल्या कामासाठी' फुकट मागणारे सगळ्यात जास्त असतात.

राहिलं टीव्ही आणि ओटीटी. अनेक मराठी चित्रपटांचा खर्च एके काळी वाहिन्यांना विकलेल्या हक्कांतून निघे. आता ते दर सहज मिळत नाहीत, आणि बडे प्लॅटफॉर्म ओळखीचा चेहरा शोधतात. उरतो तो पाहिलेल्या तासांप्रमाणे वाटा देण्याचा करार. तो करताना एक वाक्य शोधावं : 'सर्व हक्क, सर्व प्रदेश, कायमस्वरूपी'. ते असेल तर सही करू नये. चित्रपटगृह, उपग्रह वाहिनी, डिजिटल, विमानातलं प्रदर्शन, डबिंग, पुनर्निर्मिती, परदेश हे सगळे सुटे हक्क आहेत आणि सुटे, मुदतीनं विकता येतात. आज कुणी घेत नाही म्हणून रिमेकचा हक्क किरकोळ रकमेच्या गठ्ठ्यात देऊन टाकणारे निर्माते पुढे हळहळतात. भारतात चित्रपटाचे हक्क प्रकाशनापासून ६० वर्षं टिकतात, एवढा काळ तो विकता येण्याजोगा असतो.

फक्त तो शाबूत हवा. डीसीपी ही मूळ प्रत नव्हे, ती आधीच आवळलेली असते. रंगसंस्करण झालेलं पूर्ण चित्र, ध्वनीच्या सुट्या पट्ट्या, संवाद वगळून फक्त संगीत आणि आवाज असलेली पट्टी, सबटायटलची फाइल, आणि करारांचं बाड यांच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या शहरात, असं ठेवावं. डबिंगची मागणी आली तर संवादाविना पट्टी लागतेच. नसेल तर सगळी पावलं आणि सगळी भांडी पुन्हा वाजवावी लागतात. हार्ड डिस्क कपाटात पडून बिघडते, म्हणून ती अधूनमधून चालू करून पाहावी आणि काही वर्षांनी नवीवर उतरवावी. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून हेच काम करतं आहे; एक प्रत तिथे पोचवायची व्यवस्था प्रदर्शनाच्या गडबडीतच करून टाकावी, कारण नंतर हे काम कुणाचंच नसतं.